कोरड्या दिवसांची कमाई

एप्रिल संपत आला होता, मी खानदेशात गावाकडे गेले होते, आणि गच्चीवर जुन्या सुती साड्या अंथरून त्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घातल्या होत्या. ज्वारी भिजवायची, दळायची, आंबवायची, मग पहाटे मोठ्या पातेल्यात जिरं-लसूण-तिखट-तीळ घालून ते पीठ घट्ट शिजवायचं आणि ऊन चढायच्या आत पाण्याच्या हातानं गोल गोल थापत जायचं, पाठ मोडते अक्षरशः. आई, काकू आणि शेजारच्या दोघी, सकाळी नवाच्या आत सगळं उरकून खाली आल्या, चहा झाला, प्रत्येकीच्या घरी वाटीभर गरम पीठ कच्चं तेल घालून गेलं. दुपारी अचानक काळं भरून आलं, वारा सुटला, धुळीत समोरचं घर दिसेना, आणि गल्लीत कुणीतरी ओरडलं, "पानी उना वं!" जिना चढून वर पोचेपर्यंत टपोरे थेंब सुरू झालेले. अर्ध्या बिबड्या साडीसकट गुंडाळून आणल्या, अर्ध्यांचं परत पीठ झालं. पाऊस कितीसा, पंधरा-वीस मिनिटं. खाली येऊन फोन बघितला तर कॉलेजच्या ग्रुपवर पुण्याच्या मैत्रिणीचा मेसेज, तुमच्याकडे पाऊस झाला म्हणे, मज्जा आहे, मातीचा वास घे आमच्यासाठी पण! वास खरंच सुटला होता, अगदी छाती भरून घ्यावा असा. आणि आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून गप्प उभी होती. मला त्या मेसेजला काय लिहावं ते सुचेना, आणि ते न सुचणं नंतर बरेच दिवस डोक्यात राहिलं.

आपण पावसाची वाट बघणारी माणसं. जून कोरडा गेला की पोरं डोक्यावर निंबाचा पाला बांधून धोंड्या धोंड्या पाणी दे करत दारोदार फिरायची, बायका त्यांच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतायच्या, घरात पिण्यापुरतं असलं तरी ओतायच्या. मृगाचा तो लाल मखमली किडा दिसला तर तळहातावर घेऊन घरभर दाखवायचा. अशी आपली माणसं, आणि तीच माणसं एप्रिलमध्ये ढग आला की पोटात गोळा येऊन आभाळाकडे बघतात. वरवर बघितलं तर हे उलटंच वाटतं. पण इथे वाढलेल्या कुणालाही त्यात काही उलटं वाटत नाही, कारण आपलं वर्ष दोन भागांत वाटलेलं आहे आणि एका भागाचं पोट दुसऱ्यावर भरतं. पावसाळ्याचं कौतुक सगळेच करतात, कोरड्या भागाचं कुणी करत नाही, तो म्हणजे नुसता सोसायचा, ढकलायचा, पुढे पाऊस आहे म्हणून काढायचा काळ. मला हे पटत नाही. कोरडे दिवस ही पण कमाई आहे.

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. लाकडी सरे, त्यावर फळकुटं, पाला, आणि वर मातीचा हातभर थर. उन्हाळ्यात घर थंडगार, दुपारी बाहेर लू चालू असताना आत घोंगडी टाकून झोपलं की उठावंसं वाटायचं नाही. पण त्या धाब्याचं एक होतं, दर उन्हाळ्यात पाऊस यायच्या आत त्यावर खारी माती टाकावी लागायची. बैलगाडीनं माती यायची, अंगणात ढीग पडायचा, आबा आणि काका शिडीवरून पाट्या वर न्यायचे, आजोबा धाब्यावर वाकून बोटानं बारीक भेगा शोधायचे आणि तिथे मूठ मूठ जास्त दाबायचे. ही माती पहिल्या पावसात अशी काही बसते की खाली थेंब येत नाही, आणि खारी असल्यानं तिच्यात गवतही धड उगवत नाही. पण ती टाकायची कोरड्यातच. ओल्या धाब्यावर पाय पडला की कामच बिघडलं. आजोबा पन्हाळाच्या तोंडाशी बसून मातीला उतार देत असायचे तेव्हा आम्हा पोरांना वर यायची बंदी, तरी मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून बघायची. त्यांच्या बोटांच्या पेरांत माती सुकून पांढरी झालेली असायची. आता गावात स्लॅब झाले, आमचाही झाला, त्यात वावगं काही नाही, गळणाऱ्या धाब्याखाली रात्रभर भांडी सरकवत बसलेल्या बाईला स्लॅबचं सुख विचारा.

पण आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेने गावाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोबाच आठवले. तिथली मोठी मशीद, आत्ताची इमारत 1907 ची, पूर्ण मातीची आहे. 1988 पासून ते जुनं गाव जागतिक वारसा यादीत आहे. तिथेही पाऊस जूनच्या सुमाराला येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जातो, बाकी वर्ष कोरडं ठण. आणि दरवर्षी पाऊस यायच्या आत अख्खं गाव जमून त्या मशिदीला नव्यानं माती लिंपतं. नदीकाठची माती, त्यात भाताचा कोंडा, ते काही दिवस कुजवायचं, मग एका दिवशी पोरं भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडांवर चढून हातानं लिंपतात, बायका पाणी आणतात, ढोल वाजतात, सण असतो तो. हजारो मैलांवर, धर्म वेगळा, भाषा वेगळी, कपडे वेगळे, आणि काम आजोबांचंच. आभाळानं वर्षाची जशी वाटणी केली तशीच त्यांनी हातांच्या कामाची केली.

भूगोलाच्या पुस्तकात याला एक साधं नाव आहे, सॅव्हाना हवामान. व्लादिमिर कोपेन नावाच्या शास्त्रज्ञानं जगाच्या हवामानाची जी वर्गवारी केली तिच्यात हा एक मोठा गट, ज्यात वर्षाच्या कुठल्याच महिन्याचं सरासरी तापमान 18 अंशांच्या खाली जात नाही आणि सगळ्यात कोरड्या महिन्यात 60 मिलीमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो. आफ्रिकेचा गवताळ पट्टा, ब्राझीलचा सेराडो, ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक आणि भारतातला बराचसा भाग यात येतो. खानदेश जरा काठावरच बसतो, एक पाय यात आणि एक निमकोरड्या पट्ट्यात, कारण घाटावरच बराचसा पाऊस रिता करून ढग आपल्याकडे येतात. पण स्वभाव तोच, चार महिने ओले आणि मग हात आखडता. आपल्याकडचा पाऊस सूर्याच्या मागे मागे येतो हे मला फार आवडतं. जळगाव-धुळे साधारण 21 अक्षांशावर, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आणि आपल्या जुन्या माणसांच्या हिशोबात सूर्य रोहिणीत शिरतो तोही 25 मेच्याच सुमाराला, तिथून नऊ दिवस नवतपा. म्हणजे ज्यांनी कधी नकाशा बघितला नाही त्यांनी सूर्य माथ्यावर आल्याचा आठवडा धरून ठेवला होता, आणि वर म्हणून ठेवलं होतं की हे नऊ दिवस चांगले तापले पाहिजेत, नाहीतर पुढचा पाऊस बरा नाही. सूर्य जुलैच्या मध्यात परत जाताना पुन्हा एकदा माथ्यावर येतो, पण तेव्हा ढगांमुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आबा अजूनही नवतप्यात कूलर लावायला कुरकुर करतात. तापू दे म्हणतात.

आणि या तापलेल्या दिवसांत नुसतं घरात कोंडून घेतात का लोक? उलट. आपले बरेच मोठे सण, जत्रा, लग्नं याच अर्ध्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी, पत्ते, आणि नव्या घागरीत पाणी भरून त्यावर डांगर ठेवून पितरांना दाखवायचं. भर वैशाखात पितरांना तहान लागली असेल म्हणून आधी पाणी. ते डांगर, म्हणजे तुमचं खरबूज, तेही नदी आटल्यावर उघड्या पडलेल्या वाळूतच पिकायचं, खड्डे करून, खत घालून, वेल सोडून. अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा तर बोरीच्या पात्रातच भरते, वैशाखात. जिथे पावसाळ्यात पाणी धावतं तिथे पाळणे, भांड्यांची दुकानं, उसाच्या रसाच्या गाड्या, आणि एकादशीच्या रात्री रथ. लहानपणी मला वाटायचं नदीला सुट्टी लागली म्हणून तिनं आपल्याला जागा दिली. पलीकडे सातपुड्यात होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात, ढोल, पावरी, चांदीचे दागिने घातलेल्या बाया. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार. ओल्या महिन्यांत नाले भरलेले, रस्ते चिखलाचे आणि शेतात मान वर करायला वेळ नाही, तेव्हा माणसं एकमेकांना भेटणार कधी? कोरडं पडल्यावरच. उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विन शहरातही असंच आहे, तिथला समुद्रकाठचा मोठा संध्याकाळचा बाजार फक्त कोरड्या महिन्यांत भरतो, आणि पाऊस यायच्या आधीच्या घुसमटीच्या दिवसांत माणसं चिडचिडी होतात, झोपत नाहीत, त्या दिवसांना तिथेही वेगळं नाव आहे, बिल्ड-अप. आपल्या मेअखेरच्या रात्री आठवा ना, वारा पूर्ण बंद, घामानं उशी ओली, लांब वीज चमकते आणि पाऊस काही नाही. फक्त तिथे हे ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतं, कारण ते विषुववृत्ताच्या पलीकडे.

त्याच डार्विनच्या बाजूला काकाडू नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले मूळ रहिवासी वर्षाचे दोन नाही, सहा ऋतू मानतात. पाऊस सुरू व्हायच्या आधीचा गडगडाटाचा वेगळा, भर पावसाचा वेगळा, शेवटच्या वादळांनी उंच गवत आडवं पडतं तो वेगळा, मग जरा गार पण अजून दमट, मग थंडीचा, मग उष्ण कोरडा. गवत पूर्ण वाळायच्या आत, ओल थोडी शिल्लक असतानाच ते लोक ठरवून छोट्या छोट्या आगी लावतात, म्हणजे पुढे वणवा पेटला तरी पसरत नाही. कोरड्या दिवसांकडे इतकं बारकाईनं बघणारी माणसं मला आपलीच वाटतात.

झाडं तर आपल्यापेक्षा शहाणी. फेब्रुवारीत साग, सालई, अंजन सगळं खराट्यागत होतं आणि परक्या माणसाला वाटतं जंगल मेलं. पानं टाकली की पाणी वाचतं एवढाच त्यांचा हिशोब. आणि नेमकी तेव्हाच पळस फुलतो, एकही पान अंगावर नसताना, म्हणजे मैनांना, सूर्यपक्ष्यांना लांबून दिसावं. मोहाचंही तेच. नंदुरबारकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात आदिवासी बाया-पोरं टोपल्या घेऊन मोहाखाली जातात, आधी खालचा पाला झाडून ठेवलेला असतो, आणि रात्री गळलेली ती पिवळसर गुबगुबीत फुलं वेचतात, मग अंगणात वाळवतात. धडगाव भागातल्या एका घरी मी ती वाळत टाकलेली बघितली होती, पहिल्या दिवशीची ओली फुलं मोत्याच्या रंगाची, दोन दिवसांपूर्वीची तांबूस, आणि पूर्ण वाळलेली मनुक्यासारखी, वास इतका गोड आणि जड की डोकं दुखायला लागतं. त्या घराची वर्षाची कितीतरी गरज त्या अंगणातून निघते. त्यावर एक सर आली की फुलं काळी पडतात, बुरशी येते, व्यापारी हात लावत नाही.

नंदुरबार शहराबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्याही अशाच. ऑक्टोबरनंतर ओली लाल मिरची तिथे मोकळ्या रानावर अंथरतात, एकरच्या एकर लाल, रस्त्यानं जाताना गाडीच्या काचा बंद असल्या तरी ठसका लागतो. आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अवकाळी आला की मजूर ताडपत्र्या घेऊन धावतात, पण एवढं मोठं रान झाकणार किती. भिजलेली मिरची पांढरी पडते. तीच गोष्ट मळणीला आलेल्या हरभऱ्याची, गव्हाची, आंब्याच्या मोहोराची. मेच्या शेवटी वादळ आलं की रावेर-यावलकडे केळीच्या बागाच्या बागा घडासकट आडव्या. टीव्हीवर तेव्हा 'उकाड्यापासून दिलासा' अशी पट्टी फिरत असते.

दिलासा कुणाला?

म्हणजे कोरडं असणं सुंदरच असतं असं मला म्हणायचं नाही. आमच्याच तालुक्यात मार्चपासून टँकर सुरू झालेली वर्षं मी बघितली आहेत. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आजी सांगायची, खडी फोडायला गेलेल्या बाया, सुकडी, आणि ते सांगताना तिचा आवाज बदलायचा नाही याचीच मला भीती वाटायची. पाऊस गेला की चाळीसगाव-पारोळ्याकडून, सातपुड्यातून कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, पोरांची शाळा सुटते, ती परत येतात तेव्हा मृग जवळ आलेला असतो. कोरडे महिने गरिबाला गाव सोडायला लावतात हे खरंच आहे. पण ते महिने वाईट म्हणून नाही, त्या महिन्यांसाठी राखून ठेवलेलं पाणी कमी पडतं म्हणून. पांझरा, मोसम या नद्यांवर जुन्या लोकांनी बंधारे बांधून फड पद्धत चालवली, काही शतकं चालली ती, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटकऱ्यानं पाणी सोडायचं, पाणी कमी असलं तर कुठला फड पडीक ठेवायचा हे मिळून ठरवायचं. कोरडं येणारच हे धरून केलेली ती व्यवस्था होती. आता यावल-रावेर पट्ट्यात, जिथे सातपुड्याच्या पायथ्याचा गोटे-वाळूचा थर पाणी आत घेतो, तिथेही बोअर वर्षानुवर्षं खोल चाललेत. कोरड्या दिवसांत कोरड्यासारखं वागायचं आपण सोडून दिलं, असं मला वाटतं आणि त्याचा रागही येतो.

त्या मैत्रिणीच्या मातीच्या वासाचंही सांगते. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी त्यावर काम केलं. त्यांना दिसलं की कोरड्या काळात वनस्पतींमधून निघालेली तेलं दगडा-मातीत साठत जातात आणि पहिल्या पावसात ती हवेत सुटतात, त्यात मातीतल्या सूक्ष्म जिवांनी तयार केलेला वासही मिसळतो. म्हणजे तो वास पावसाचा नाहीच. इतके महिने जमिनीनं जे साठवलं त्याचा तो वास. जुलैतल्या दहाव्या पावसाला कुठे येतो तो? कन्नौजचे अत्तरवाले हे आधीपासून जाणून होते, ते उन्हात तापलेली कोरडी माती भट्टीत घालून तिचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात, पाऊस यायच्या आत.

आणि काळी जमीन. मे महिन्यात आमच्या शेतात पाय ठेवला तर भेगांत घोट्यापर्यंत जातो. लहानपणी मी त्यात काडी सोडायची, ती दिसेनाशी व्हायची. नांगरून ढेकळं उघडी टाकली की ऊन त्यांच्या पोटात शिरतं, तण मरतं, किडींचे कोष मरतात, आणि पहिलं पाणी त्या भेगांतून सरळ खोल जातं. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं कापसाचं वाटोळं केलं तेव्हापासून कृषी खातं सांगतंय की जूनच्या आधी कपाशी लावू नका, बियाणं फार लवकर विकायलाही बंदी घातली गेली, कारण मधले काही महिने अळीला खायला हिरवी कपाशी मिळालीच नाही तर तिची साखळी तुटते. इतकी औषधं फवारून झाल्यावर शेवटी उपाय काय, तर मधला कोरडा, रिकामा काळ. रान मोकळं राहू द्या. हे मला आजोबांच्या तोंडचंच वाटतं.

फक्त त्यात एक भांडण आहे आणि ते आमच्याच घरात चालू आहे. अळी पऱ्हाट्यांत, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांत, आणि उरलेल्या सुक्या बोंडांत दडून बसते, म्हणून कापूस संपला की पऱ्हाट्या शेतातच बारीक करून टाकायच्या असं भाऊ म्हणतो. आणि आबांच्या लेखी पऱ्हाट्यांची गंजी ही पावसाळ्याची बेगमी, तीही कोरड्यातच रचायची, चार महिने चूल त्यावर. गॅस आहे घरात, पण पाण्याच्या बंबाला, गुरांच्या आंबोणाला, खापरावरच्या मांड्यांना पऱ्हाट्याच लागतात असं आबांचं म्हणणं, आणि खापराच्या बाबतीत आई त्यांच्या बाजूला. मागच्या महिन्यात जेवताना यावरून दोघांचा आवाज चढला. मला दोघांचंही पटतं, दोघंही कोरड्या दिवसांचा मान राखूनच बोलत होते. शेवटी असं ठरलंय की भाऊ वावरात श्रेडर फिरवणार, आणि आबांसाठी एक लहान गंजी खळ्यात राहील, पण तिच्यातली सुकी बोंडं आधी तोडून जाळायची. ती तोडायला यंदा मीही जाणार आहे, ऊन असेपर्यंत.